नांदवळीच्या सतरा बटणांची नावं

नांदवळी नगरपरिषदेच्या वेबसाइटवरची सतरा बटणं सोमवारी सकाळी साडेदहा वाजता इंदुमती रेडकर यांच्या दारात नावं ठेवून घ्यायला आली. सोबत मुख्याधिकाऱ्यांचं पत्र होतं. सतराही जणांना नामकरणासाठी एक दिवसाची किरकोळ रजा मंजूर झाली होती. मात्र चार वाजता कामावर हजर व्हायचं होतं.

पत्र धाकट्या बहिणीनं, कुमुदनं वाचून दाखवलं. इंदुमतीबाईंना जन्मापासून दिसत नव्हतं. साखर कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर एकतीस वर्षं काढून त्या निवृत्त झाल्या होत्या.

"माझ्याकडेच का?" त्यांनी विचारलं.

"आम्हाला सगळ्यात जास्त तुम्ही दाबलंय, बाई," पुढचं बटण म्हणालं. "ऑफिसात तशी नोंद आहे."

ते खरंच होतं. घरच्या नळजोडणीसाठी बाईंनी चार वेळा अर्ज भरला होता. कॉम्प्युटर त्यांना पानावरचं सगळं वाचून दाखवायचा, पण बटणापाशी आला की नुसतं "बटण" म्हणायचा. पुढे पुन्हा "बटण". डोळस माणसाला त्यावरचं चित्र दिसे, बाईंना तोच एक शब्द सतरा वेळा ऐकू येई. मग त्या अंदाजानं एखादं दाबत आणि भरलेला अर्ज नाहीसा होई. तोवर कुमुद दुखऱ्या गुडघ्यांनी गल्लीच्या टोकाहून कळश्या आणत होती. अर्जाची मुदत या सोमवारीच संध्याकाळी पाच वाजता संपत होती.

"अक्का, सतरंजी घालू का गं यांना?"

"नको. पानावर उभी राहतात तशी ओळीनं राहू देत. तू वही घे."

बाईंनी पहिल्याला विचारलं, "तुला दाबलं की काय होतं?"

"माझ्यावर घराचं फार सुरेख चित्र आहे."

"असेल. काम सांग."

"माणूस पहिल्या पानावर जातो."

"मग 'पहिल्या पानावर जा'. लिही गं."

जन्माचा दाखला काढणारं झालं, तक्रार नोंदवणारं झालं. अकरावं बटण मात्र ओळीतून जरा मागे सरकलं.

"काय होतं रे तुला दाबलं की?"

"अर्ज रद्द होतो," ते हळूच म्हणालं. "तुमचे चारही माझ्यामुळेच गेले, बाई."

कुमुदचं पेन थांबलं. तिनं एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला, तेवढं बाईंना ऐकू आलं.

"तुला सांगितलं ते तू केलंस," बाई म्हणाल्या. "आपण काय सांगतोय हे मलाच कुठे कळत होतं?"

"मला एखादं गोड नाव देता येईल का?"

"गोड नको, खरं घे. खरं असलं की चुकून कुणी तुला हात लावणार नाही."

कुमुदनं 'अर्ज रद्द करा' असं लिहिलं. बटणानं ते दोनदा स्वतःशी म्हणून पाहिलं. "बरं वाटतंय," ते म्हणालं. "आभारी आहे."

चारच्या आत सगळी आपापलं नाव घेऊन कामावर हजर झाली. सव्वाचारला बाई कॉम्प्युटरपुढे बसल्या. आता तो एकेकाचं नाव घेत होता आणि बाई प्रत्येकाला "हो" म्हणत होत्या. 'अर्ज रद्द करा' आलं, तेव्हा "हो, बाळा" म्हणून त्या पुढे गेल्या. 'अर्ज दाखल करा' येताच त्यांनी ते दाबलं.

"अर्ज मिळाला. आभारी आहोत," कॉम्प्युटर म्हणाला.

"मीसुद्धा," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पदरानं डोळे पुसले.

तिसऱ्या आठवड्यात स्वयंपाकघरात नळ आला. कुमुदनं पहिली कळशी जागेवरून न हलता भरली आणि बराच वेळ तिच्यावर हात ठेवून उभी राहिली.

'अर्ज रद्द करा'ला हल्ली फारसं कुणी दाबत नाही. रविवारी दुपारी ते येऊन बाईंशेजारी बसतं. कुमुद त्याच्यापुढे नव्या नळाचं पाणी ठेवते. ते पीत नाही. पण निघताना, पाणी छान होतं, असं न चुकता सांगतं.