काचगडच्या शिळ्या पाण्याची हकीकत

॥ श्रीजलदेवता प्रसन्न ॥

शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, ज्येष्ठमासी एका पत्राचे उत्तर राहिले, तेथून या हकीकतीचा आरंभ. एका राज्यी विसाजीपंत म्हणोन ग्रंथशाळेचे जुने कारभारी होते. स्वभावे भिडस्त, दुकानी काही मागावयाचे तरी दोन वेळ घसा खाकरावा. त्यांस बाळमित्र बाळोबाचे पत्र आले की, "विसू, दसऱ्यास मी लेकीकडे परमुलखी कायमचा जातो. माझी सिक्लिड माशांची जोडी तुझ्याशिवाय कोणाचे हाती देऊ? हो म्हण, म्हणजे आणून सोडतो." पंतांनी पत्र वाचले, आणि पुन्हा वाचले, आणि मनी आले की, बाळोबाचा जीव की प्राण माझे हातून मेला तर? उत्तर लिहवेना. मग मसलत केली की, आधी दोन पिले आणावी, ती जगली तर हो लिहावे.

मग आषाढमासी मेजावर काचगड वसविला. लांबी तीन हात, चारी तट काचेचे, आत वाळू, दगडांच्या गुहा, पाणी गाळणारे यंत्र, आणि त्याच दिवशी दोन पिवळी सिक्लिड पिले आत सोडली. आता घरचा रिवाज ऐसा की, रात्रीचे पाणी सकाळी शिळे. हंडा-कळशी ओतून, घासून, ताजे भरावे. पंतांनी तोच रिवाज गडास लाविला. रोज सकाळी सारे पाणी उपसावे, आणि वाळू धुवावी, आणि यंत्रातील स्पंज नळाखाली पांढरा होईतो पिळावा, मग नळाचे ताजे पाणी भरावे. त्यांच्या पत्नी सगुणाबाई म्हणाल्या, "चाळीस वर्षांत माझी एक कळशी घासली नाहीत, माशांची चाकरी बरी जमते!" परंतु आठवे दिवशी पिलांचा रंग उतरला, ती वर येऊन धापा टाकू लागली, आणि दहावे दिवशी एक पिलू गेले. पंतांस अन्न गोड लागेना.

"बाळोबाला 'नाही' म्हणून लिहितो," पंत म्हणाले.

"लिहा मग. पण आधी त्या दुसऱ्याचं बघा. ते जितं आहे अजून."

मग पंत माशांच्या दुकानी हमीदाबीकडे गेले, आणि घसा खाकरून सारे वर्तमान सांगितले. "पाणी रोज बदलतो. सगळंच."

हमीदाबीने कपाळास हात लाविला. "अहो काका, मासा आहे तो, देवघरातला तांब्या नाही!" आणि समजाविले की, माशांच्या घाणीचे विष मारणारी सूक्ष्म जंतूंची रयत स्पंजात नि वाळूत वसते, तीस वसावयास महिना-दीड महिना लागतो. पंतांनी ती रोज सकाळी उजाड केली, आणि नळाच्या क्लोरीनने कल्ले पोळले ते निराळेच. "आता हात आवरा. आठवड्याला पाव पाणी बदला, पाण्याच्या तपासणीत विष दिसलं तर मधेही थोडं. भरताना क्लोरीन मारायचं औषध घाला. टाकीतून काढलेल्या पाण्यातच स्पंज हलका पिळा. खाणं चिमूटभर."

पंतांनी सर्व तैसेच केले. हात शिवशिवे, तरी मागे बांधून बसत. श्रावण सरला, तपासणीत विष उतरत उतरत नाहीसे जाहले, दगडांवर कोवळे शेवाळ धरले, आणि भाद्रपदी पिलू हळदीसारखे पिवळे होऊन आपली गुहा राखू लागले. पंतांनी काचेवर बोट ठेविले, तो ते बोटावर धावून आले.

"बघा," सगुणाबाई हळूच म्हणाल्या, "घर आपलं मानलं त्यानं."

पंतांचे डोळे भरले. मग म्हणाले, "पत्राला तीन महिने झाले. आता कोणत्या तोंडानं लिहू? शिळं झालं ते."

"शिळं वाईट नसतं, एवढं कळायला एक मासा घालवलात. आता मित्रही घालवायचा आहे का?"

मग पंतांनी कागद घेतला आणि लिहिले: "बाळोबा, एक पिलू माझ्या चुकीने मेले, ते लपवीत नाही. दुसरे नांदते आहे. तुझ्या जोडीशी तंटा नको म्हणोन टाकीत आडवी काच घातली आहे. पाणी आता मुरले. जोडी घेऊन ये, आणि चार दिवस राहा. विसू." पत्र पेटीत टाकताच परत काढावे ऐसे वाटले, परंतु पेटीचे तोंड अरुंद, हात शिरेना.

येणेप्रमाणे काचगड वसला. एक जीव खर्ची पडला, एक नांदला, आणि भाद्रपद वद्य तृतीयेस ज्येष्ठातल्या पत्राचे उत्तर टपाली रवाना जाहले.