डॉक्टर क्विलेटांचा पालाखाऊ पेशंट

"माझ्या घरात मांसाचा एक तुकडा सापडू दे, मी माझा विग उकडून खाईन!"

असं डॉक्टर ॲम्ब्रोज क्विलेट इंग्लंडातल्या बाथ गावच्या प्रत्येक गरम कुंडाच्या काठावर उभं राहून सांगायचे. काठावरच बरं का! कारण ते आत उतरले की बाकीच्यांना बाहेर निघावं लागायचं. असला अगडबंब माणूस नुसत्या दुधावर आणि सलगमांवर जगतो, यावर कुणाचा विश्वास बसेल? पण जगत होता बिचारा, चांगली सात वर्षं!

आज त्याचं सार्थक होणार होतं. विन्स्कोमच्या काउंटेसबाई बारा वाजता येणार होत्या. चूल, फडताळ, तळघर सगळं स्वतः तपासणार, आणि घर शुद्ध निघालं तर टेकडीवरचा आपला बंगला डॉक्टरांच्या बिनमांसाच्या रुग्णालयाला देऊन टाकणार! सहीचा कागद टेबलावर तयार होता.

साडेअकराला दार वाजलं. दारात लॉर्ड टेडिंगहॅमांचा शिकारी, आणि त्याच्या खांद्यावर हरणाची अख्खी तंगडी!

"लॉर्डसाहेबांचा संधिवात पळाला, डॉक्टर! तुमच्या सलगमांनी! म्हणून ही भेट. त्यांनी स्वतः गोळी घातलीय."

"अहो पण मी... परत न्या ना ही!"

"परत?" शिकाऱ्याने भुवया चढवल्या. "लॉर्डसाहेबांचं हरिण परत?"

डॉक्टरांनी मुकाट्याने तंगडी घेतली. लॉर्डाचं हरिण परत पाठवायचं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकायचं, आणि शिकारीचं मांस विकायला जावं तर कायद्याने तुरुंग!

"डॉर्कस!" ते किंचाळले. "मेलो! संपलो!"

घर सांभाळणारी डॉर्कस पिठाचे हात पुसत आली. तिने तंगडीकडे पाहिलं आणि तिच्या तोंडाला पाणी सुटलं. तीही सात वर्षं सलगमच खात होती ना!

"पाद्रीबाबांकडे पाठवा. त्यांना काहीही चालतं."

"भर बाजारातून? गाव बघेल!"

"ब्लँकेटात गुंडाळते आणि पालखीत घालते. कुंडातून निघालेली माणसं रोज अशीच घरी जातात. आत कोण आहे म्हणून कधी कुणी डोकावलंय?"

डॉक्टरांना तिचा मुका घ्यावासा वाटला, पण वेळ नव्हता. भोई बोलावले. गाठोडं पालखीतल्या खुर्चीत बसवलं, पडदे ओढले.

"पाद्रीबाबांकडे न्या," डॉक्टर थोरल्या भोयाच्या, होझियाच्या कानात कुजबुजले. "मागच्या दाराने. आणि वाटेत तोंड उघडायचं नाही!"

होझियाने गाठोडं सरळ करायला हात आत घातला. गार आणि ताठ! वीस वर्षं त्याने माणसं वाहिली होती, त्याला सांगायला नको होतं. त्याने टोपी काढली. देवाघरी गेलेल्या माणसाला मागच्या दाराने? छे! तो सरळ पुढच्या दाराने निघाला, आणि थेट काउंटेसबाईंच्या बग्गीसमोर आला.

"कोण आहे रे आत?"

होझियाला तोंड उघडायची बंदी होती, पण काउंटेससमोर गप्प कसं राहायचं? "डॉक्टरांचा पेशंट, बाईसाहेब. गेला. पाद्रीबाबांकडे नेतोय."

"डॉक्टर!" काउंटेसबाई गरजल्या.

डॉक्टर धापा टाकत पायरीवर आले. पालखी पाहिली आणि त्यांनी कपाळावर हात मारला.

"हा काय खात होता?"

डॉक्टर खोटं बोलत नसत. सलगमांनंतर ही त्यांची दुसरी मोठी अडचण. "पाला, बाईसाहेब. जन्मभर. मांसाला कधी तोंड लावलं नाही."

"आणि त्यानेच मेला?"

"छे छे! तब्येत ठणठणीत होती! गोळी लागून मेला."

मग एकच गलका! "गोळी घातली! डॉक्टरने पेशंटला गोळी घातली!" शेजारपाजारचे धावले, एक म्हातारी रडायलाच लागली, कुणीतरी शिपायाला आणायला पळालं.

डॉक्टरांसमोर दोनच वाटा होत्या. खुनी ठरावं, नाहीतर मांसखाऊ! सात वर्षांच्या सलगमांची शप्पथ, ते क्षणभर खरंच विचारात पडले. मग डोळे मिटले आणि पडदा बाजूला सारला. ब्लँकेट सोडलं.

"तंगडी!" गर्दी ओरडली, जराशी निराश होऊनच.

काउंटेसबाईंचा चेहरा दगडासारखा झाला. "डॉक्टर, पेशंट मेला असता तर मी समजून घेतलं असतं. माझ्या मागच्या तीन डॉक्टरांनी माझे तीन नवरे वर पोचवले, मी एका शब्दाने बोलले नाही. पण घरात मांस?"

"बाईसाहेब, भेट आली हो! मी चाखलीसुद्धा नाही! निदान सहीचं..."

"सही विसरा! हा पुरावा मी जप्त करते. होझिया, माझ्या घरी चल."

पालखी निघाली. काउंटेसबाई बग्गी सोडून पालखीला हात लावून चालत होत्या. "हळू रे मेल्या! धक्का लावू नकोस! घरी तोंडी लावायला मनुकांचा मुरंबा आहे का ते आधी कुणी बघून या!"

डॉक्टर पायरीवर मटकन बसले. डोळे भरून आले होते. शेजारी डॉर्कस पालखी दिसेनाशी होईपर्यंत वास घेत उभी होती.

"जाऊ द्या हो डॉक्टरसाहेब," ती उसासा टाकून म्हणाली. "तुमच्या हाताखालून निघालेल्या पेशंटची जेवायला वाट बघणारं घर आज पहिल्यांदाच पाहिलं."