चातुर्मासातला व्हॅम्पायर

चातुर्मास लागून आठवडाही झाला नव्हता, तोच शेजारच्या कुसुमताई मोहरिलांच्या स्वयंपाकघरातून लसणाच्या फोडणीचा वास आला आणि जिना चढता चढता अच्युतराव देशकरांचं डोकं फिरलं. नव्या रायपूरच्या मंत्रालयातून स्टाफ बसनं दिवेलागणीनंतर समता कॉलोनीत पोचणारा हा माणूस सहसा कुणाच्या दारात थांबत नसे. त्या दिवशी मात्र आपलं दार सोडून त्यांनी कुसुमताईंची बेल दाबली.

"कुसुमताई, हे काय होऊन राहिलं? कांदेनवमीला पोटभर भजी खाऊन तुम्हीच म्हणाल्या होत्या ना, की आता कार्तिकापर्यंत कांदा-लसूण बंद?"

"म्हटलं होतं, अच्युतभाऊ. पण व्हॅम्पायर येऊन राहिला ना!" कुसुमताईंनी दाराच्या चौकटीकडे बोट दाखवलं. तिथं तोरणाच्या खाली लसणाची माळ टांगलेली होती.

अच्युतरावांना व्हॅम्पायर ठाऊक नव्हता, म्हणून कुसुमताईंनी सारं समजावून सांगितलं. मोबाइलवर एक कथा येते, रोज एक भाग. लिहिणारी कुणी 'निशिगंधा' आहे, खरं नाव कुणाला माहीत नाही. कथेतला व्हॅम्पायर शेकडो वर्षं जगतो, माणसाचं रक्त पितो, उन्हात निघत नाही, आरशात दिसत नाही, बोलावल्याशिवाय कुणाच्या घरात पाऊल टाकत नाही आणि फक्त लसणाला भितो. एरवी मराठी घरात शिरायची त्याची हिंमत होत नाही. पण कांदेनवमी झाली की चार महिने घरात लसणाची पाकळीही नसते, आणि बरोबर तेव्हाच तो रायपुरातल्या एका बाईच्या घरी मुक्कामाला येतो.

"मराठी मंडळातल्या साऱ्या बायका वाचतात. मजा म्हणून माळ टांगली, मग वाटलं टांगलीच आहे तर फोडणीतही घालावी." एवढं बोलून कुसुमताईंनी अच्युतरावांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. "तुम्ही नाही वाचलं?"

"हसण्यावारी नेऊ नका," अच्युतरावांनी उजव्या हाताचं बोट उंच केलं. "नियम म्हणजे नियम!"

यावर कुसुमताई एवढ्या हसल्या की त्यांना दार लावून घ्यावं लागलं.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. अच्युतरावांना मराठी मंडळाचं अध्यक्ष व्हायचं होतं. राज्य नवीन झालं तेव्हा ते नागपूरहून इथं आले, आणि तेव्हापासून प्रत्येक गणेशोत्सवात त्यांनी खुर्च्या मोजल्या, प्रसादाच्या रांगा लावल्या, लोकांना चपला कुठं काढायच्या ते सांगितलं. पण अध्यक्ष मात्र दर वेळी श्यामराव, कारण श्यामराव लोकांना आवडत. यंदा श्यामराव थकले होते आणि श्रावणात निवडणूक होती. अशा वेळी लसणाचा हा वास अच्युतरावांना देवानंच पाठवल्यासारखा वाटला. संस्कृती बुडत होती आणि तिला वाचवायला दुसरं कुणी मोकळं नव्हतं.

घरी येऊन त्यांनी चपला उंबऱ्यावर दोनदा आपटल्या, सोफ्यावर बसले आणि म्हणाले, "चहा."

क्षमा मोबाइल बाजूला ठेवून उठली. दुपारभर आणि संध्याकाळभर बायको त्या मोबाइलवर काय टाइप करते हे अच्युतरावांनी कधी विचारलं नव्हतं. बायका मोबाइलवर जे करतात तेच करत असणार, असा त्यांचा हिशेब होता.

"अगं, एक निषेधपत्र लिहून दे. तुझं मराठी बरं आहे. ही कोण निशिगंधा आहे, तिनं समाज नासवून ठेवला."

क्षमानं चहाचा कप त्यांच्यासमोर ठेवला. "तुम्ही वाचली का तिची कथा?"

"मले काय गरज? वास आला तेवढा पुरे."

"पापा, पहले पढ़ तो लो," आतल्या खोलीतून देवश्री ओरडली. ही त्यांची मुलगी. मराठी सगळं समजे, उत्तर हिंदीत देई.

"तू चूप बस!"

क्षमानं निषेधपत्र लिहून दिलं. ते इतकं सुंदर उतरलं की मंडळाच्या ग्रुपवर लोकांनी त्याला टाळ्या दिल्या आणि ज्यांनी आजवर कथा वाचली नव्हती त्यांनीही ती उघडली. पुरुषही वाचू लागले. शंकर नगरातल्या दोन घरांवर लसणाच्या माळा चढल्या. मंडळातल्या बायकांकडून कथा ऐकलेला सदर बाजारातला एक सराफ अच्युतरावांना पाहून "आइए भैया, अंदर आइए" म्हणाला आणि आपल्याच माणसाला डोळा मारून पुढं म्हणाला, "बिना बुलाए तो आप आते नहीं." यातलं काहीच अच्युतरावांना कळलं नाही. लोक आपल्याला ओळखू लागले, एवढंच त्यांनी घेतलं आणि ते खूश झाले.

मग त्यांनी रविवारी सभा बोलावली. तिथं कथेतला एक भाग मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि लोकांनाच विचारायचं, की हे असलं आपल्या लेकीसुनांनी वाचावं का?

"एखादा भाग काढून ठेव," ते क्षमाला म्हणाले. "मले सारं वाचायला वेळ नाही."

"कसा काढू?"

"वाईट पाहून काढ."

"किती वाईट?"

"सगळ्यात वाईट!"

क्षमा बराच वेळ खिडकीपाशी उभी राहिली. खिडकीला पडदा होता. उजेडानं टीव्ही नीट दिसत नाही म्हणून रविवारी हा पडदा अच्युतरावांच्या हुकमानं बंद असे. मग तिनं देवश्रीकडून दोन पानं छापून घेतली आणि इस्त्रीच्या सदऱ्याच्या खिशात घालून दिली.

सभेला एवढी गर्दी जमली की खुर्च्या कमी पडल्या. अच्युतरावांनी घसा साफ केला आणि कडक आवाजात वाचायला सुरुवात केली.

"'सूर्य मावळल्याशिवाय तो कधी घरी आला नाही. उंबऱ्यावर चपला दोनदा आपटायचा आणि कुणाकडेही न पाहता एकच शब्द बोलायचा. सुटीच्या दिवशी पडदे बंद. आरशात तो स्वतःला कधीच दिसत नसे. शेजाऱ्यांचे दोष मात्र भिंतीपलीकडूनही दिसत.'"

मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं. अच्युतरावांनी नापसंतीनं तिकडं पाहिलं आणि पान उलटलं.

"'काही विचारलं की उजव्या हाताचं बोट उंच करून तो म्हणायचा, नियम म्हणजे नियम!'"

हे वाचताना सवयीनं त्यांचं बोट वर गेलं आणि सभागृहात हशा फुटला. श्यामरावांनी डोळ्यांना रुमाल लावला. कुसुमताई खुर्चीवरून खाली यायच्या बेतात होत्या. अच्युतरावांचं बोट हवेतच राहिलं. त्यांनी ते पाहिलं, जणू दुसऱ्याच कुणाचं होतं, आणि हळूच खाली घेतलं.

"वाचा ना, अच्युतराव," श्यामराव म्हणाले. "थांबले काहून?"

थांबणं म्हणजे कबुली देणं. म्हणून ते वाचत राहिले, पण आवाज उतरत गेला.

"'तो रक्त एकदम पीत नाही. रोज थोडं थोडं. बाईला वाटतं, आपल्याला नुसता थकवा आलाय. तिचं नाव त्याला ठाऊक आहे, पण त्यानं ते इतक्या वर्षांत एकदाही...'"

पुढचं त्यांनी वाचलं नाही. यावर कुणी हसलं नाही. बायका तर अजिबात नाही. तिसऱ्या रांगेत क्षमा मांडीवर हात ठेवून बसली होती आणि सरळ त्यांच्याकडे पाहत होती. अच्युतरावांनी आठवून पाहिलं तरी आठवेना, की हिचे डोळे आपण शेवटचे कधी पाहिले. लाज वाटली, आणि लाजेहून जास्त राग आला. त्यांच्या अध्यक्षपदाचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही.

त्या संध्याकाळी जेवायला बसले तेव्हा ताटात वरण-भात, भेंडीची भाजी, आणि कडेला लालभडक लसणाची चटणी होती. अच्युतराव चटणीकडे पाहत राहिले. खाल्ली तर ज्या चातुर्मासासाठी एवढं रान उठवलं तो मोडणार. आणि नाही खाल्ली तर? दारात उभी असलेली देवश्री हसू दाबत हेच पाहायला थांबली होती.

त्यांनी बोटभर चटणी उचलली आणि भाताबरोबर गिळली. डोळ्यांत पाणी आलं.

"तिखट आहे," ते म्हणाले.

"बरं झालं," क्षमा म्हणाली. "माझ्या स्वयंपाकाबद्दल काहीतरी बोलले."

देवश्री आत निघून गेली. मग अच्युतरावांनी ताटाकडे पाहतच विचारलं, "शेवटी काय होतं त्याचं? मरतो का?"

"मले तर कधीचाच मारायचा होता. त्याचं मरण लिहूनही ठेवलं होतं मी, छान जमलं होतं." क्षमानं त्यांच्या ताटात अजून एक पोळी वाढली. "पण त्या कथेच्या ॲपचे कंपनीवाले म्हणतात, चालून राहिला आहे ना, मग चालू द्या. लोकांना सवय झाली आहे त्याची."

अच्युतरावांना काहीतरी बोलायचं होतं. तिचं नाव तोंडाशी आलंही होतं, पण लसणानं घसा पेटला होता.

"पाणी," ते म्हणाले.

क्षमा उठली. माठातलं पाणी त्यांच्यासमोर ठेवून ती खिडकीपाशी जाऊन बसली आणि तिनं मोबाइल उघडला. उद्याच्या भागाला सुरुवात सापडत नव्हती, ती आता मिळाली होती.