गोंद्यानं फक्त वेल सोडली

एका जंगलात ओढ्याच्या दोन काठांवर वानरांच्या दोन टोळ्या राहत होत्या. ओढ्यावर उंबराचं एक झाड वाकलं होतं. मुळं या काठाला, फळं त्या काठाला. युद्धाला एवढं कारण पुरतं, मुलांनो. मोठ्यांना कधीकधी याहून कमी लागतं.

रोज सकाळी दोन्ही सैन्यं ओढ्याशी यायची, दात विचकायची आणि एकमेकांवर दगड फेकायची. मरायचं मात्र कुणी नाही. सगळे दगड डोक्यावरून जायचे.

अलीकडच्या राजाला याचं नवल वाटलं. हेच वानर शेंड्यावरचं पिकलं फळ एका खड्यात पाडत. त्यांतला गोंद्या तर असा नेमबाज, की उडता नाकतोडा टिपायचा. राजानं त्याला बोलावलं आणि बजावलं, उद्या तुझा दगड कुणाला लागला नाही, तर तू आणि तुझी बायकोपोरं टोळीबाहेर. टोळीबाहेरच्या वानराला बिबट्या फार दिवस ठेवत नाही, हे गोंद्याला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं मोठ्या कष्टानं नेम धरला. दगड उंबराच्या खोडावर आपटला.

"काय झालं रे?" राजानं विचारलं.

"समोरचा पाठ खाजवत होता, महाराज. त्याचा हात पोचत नव्हता."

"मग?"

"मग काही नाही. पोचेपर्यंत थांबलो."

राजानं शिक्षा तूर्त लांबणीवर टाकली आणि दरबार भरवला. कुणी म्हणालं, सैनिकांचे डोळे तपासा. कुणी म्हणालं, खुराक वाढवा. शेवटी शेजारच्या जंगलातून एका खवले मांजराला बोलावणं गेलं. धोका दिसला की अंगाचा चेंडू करून पडून राहणारा हा प्राणी. शौर्यावर त्याचा अभ्यास दांडगा होता.

ते म्हणालं, तुमचे वानर भेकड नाहीत. त्यांना समोरचा दिसतो, एवढाच त्यांचा दोष. आणि ज्याला त्याला वाटतं, मारणारा मीच.

"मी जन्मभर मुंग्या खाल्ल्या, महाराज. मुंग्या अख्खा बेडूक संपवतात. पण एकीला धरून विचारा. ती म्हणेल, मी फक्त पाय धरला होता."

मग काठावर काटेरी झुडपांचा आडोसा उभा राहिला. त्यामागे एक तरणा बांबू वाकवून वेलीनं ओढून धरला. बांबू वाकवणारे वेगळे. टोकावर दगड ठेवणारा वेगळा. झाडावर बसून "आले" एवढंच सांगणारा वेगळा. ते ऐकून राजा मान हलवणार आणि राजाची मान हलली की गोंद्या वेल सोडणार. पलीकडचं त्याला काही दिसणार नव्हतं.

"वेल सोडायला तर काही हरकत नाही ना?" राजानं विचारलं.

गोंद्यानं आपल्या पोरांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"वेल सोडायला नाही," तो म्हणाला.

त्या सकाळी पहिल्यांदाच पलीकडून रडणं ऐकू आलं.

अलीकडे जल्लोष सुरू झाला. तेवढ्यात एक म्हातारी वानरीण तो दगड हातात घेऊन ओढा ओलांडून आली. तिला कुणी अडवलं नाही. माझ्या पोराला कुणी मारलं एवढं सांगा, असं ती म्हणत होती.

सैन्य खरोखरच विचारात पडलं. बांबूवाले म्हणाले, आमचा बांबू तर जागचा हलला नाही. दगड ठेवणारा म्हणाला, मी ठेवला, फेकला कुठे? झाडावरचा म्हणाला, दिसलं ते सांगितलं, खोटं बोलायला हवं होतं का? राजा म्हणाला, मान माझी आहे, माशी बसली तरी हलते. खवले मांजराला विचारायला गेले, तर त्याचा चेंडू झाला होता.

सर्वानुमते दगड दोषी ठरला. त्याला डोहात बुडवण्याची शिक्षा झाली. ती लगेच अमलात आली आणि न्याय झाला म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

म्हातारी गोंद्याजवळ येऊन उभी राहिली.

"मी वेल सोडली, मावशी," तो म्हणाला. "फक्त वेल."

"असेल बाबा," ती म्हणाली. "आमच्याकडेही बांबू वाकवायला घेतलाय. वेल धरायला मला बसवणार आहेत. उद्या तुझी पोरं मागच्या झाडांवर ठेव. मला आडोशामागून काही दिसायचं नाही."

तात्पर्य: एकीचं बळ मोठं असतं. मारायचं काम एकट्यावर सोपवलं, तर तो हमखास नेम चुकवतो. सगळ्यांनी मिळून केलं, तर सगळ्यांची झोप शाबूत राहते. मरायचं काम मात्र अजून ज्याचं त्यालाच करावं लागतं. त्यातही वाटणी कशी करता येईल, यावर तज्ज्ञांचा विचार चालू आहे.