सगुनाबाईंचा मधला वार

आठवड्याचे वार सात, असं मी गोंदियाच्या शाळेत वर्षानुवर्षं पोरांकडून घोकून घेतलं. पण ज्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत मी भाड्यानं राहत होतो, त्या सगुनाबाई पटले यांच्या तोंडी वार सहाच होते. मंगळवारनंतर जो येतो त्याला त्या 'मधला वार' म्हणत. बाजार मधल्या वारी, धोबी मधल्या वारी, आणि शाळेची परीक्षाही मधल्या वारी सुरू व्हायची.

कारण साधं होतं. त्यांच्या मालकांचं नाव बुधराम. आता नवऱ्याचं नाव बायका घेत नाहीत, यात नवल ते काय? पण सगुनाबाईंनी त्या नावाचे दोन तुकडे केले होते आणि दोन्ही तुकडे जिभेवर यायला बंदी होती. बुधवार तर गेलाच, पण राम? आमच्या भागात माणूस भेटला की राम राम करतो. गल्लीतून जाणारा येणारा म्हणायचा, "राम राम, सगुनाबाई!" आणि बाई ओट्यावरून ठणकावून उत्तर द्यायच्या, "तुमालेबी तेच!"

मी अमरावतीचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, बाईंचं त्या माणसाशी भांडण असावं. तसं भांडणही असायचंच. ज्याच्याशी बाईंचं भांडण नाही असा माणूस त्या गल्लीत राहतच नसे.

हे बुधराम मी कधी पाहिले नाहीत. रेल्वेच्या ठेकेदाराबरोबर रूळ टाकायला ते कलकत्त्याच्या बाजूला गेले, ते गेलेच. पत्र नाही, निरोप नाही. मी राहायला आलो तेव्हाच त्याला एक जमाना झाला होता. पण कपाळावर आडवं ठसठशीत कुंकू आणि कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या घालून सगुनाबाई म्हणत, "मालक कामावर गेले हायेत." दुपारी जेवायला येतील, अशा थाटात म्हणत.

दरवर्षी धानाची कापणी आटोपली की दवनीवाड्याहून त्यांचा भाऊ बैलगाडी घेऊन यायचा. "बाई, एकटी काऊन राहतं? चाल घरी." बाई त्याला पोटभर जेवायला घालायच्या आणि रिकाम्या गाडीनं परत पाठवायच्या. "मी कायले येऊ? अठी मी बसली आहो ना!"

अठी म्हणजे इथं. हे त्यांचं पेटंट वाक्य. घरपट्टीवाल्या कारकुनाला हेच, घर विकत मागणाऱ्याला हेच. "अठी मी बसली आहो ना!" म्हणत त्या ओट्यावर अशा काही मांडी घालून बसत, की पुढचा माणूस आपोआप उभा राही.

गल्लीच्या मागे एका शेटजींची धानाची गिरणी होती. तिच्या धुराड्यातून कोंड्याची काळी राख उडायची आणि बाईंच्या वाळत घातलेल्या पापडांवर बसायची. बाकीचे लोक कुरकुरत. बाईंनी एक दिवस अंगणातली सगळी राख झाडून टोपलीत भरली, टोपली डोक्यावर घेतली आणि तडक शेटजींच्या पेढीवर जाऊन पांढऱ्या शुभ्र गादीवर ओतली. "शेटजी, तुमचा माल चुकून माह्या आंगणात उतरला व्हता. घ्या." शेटजी आधी बाईंकडे, मग गादीकडे बघत राहिले. मुनीमजींना खोकल्याची उबळ आली. ती खोटी होती.

त्यातच म्युनिसिपालटीची निवडणूक आली. आमच्या वॉर्डात हेच शेटजी उभे, आणि त्यांच्या विरुद्ध, गिरणीची राख बंद करतो म्हणणारे एक वकीलसाहेब. मत घरपट्टी भरणाऱ्यालाच. घर बुधरामांच्या नावावर, म्हणून मतही बुधरामांचं. पट्टी मात्र बाई भरत, तीही कारकुनाला दोन तास ओट्यापुढं उभं करून.

मतदान आमच्याच शाळेत होतं आणि आम्हा मास्तर मंडळींना मदतीला बसवलं होतं. दुपारी मतदान घेणाऱ्या साहेबांनी पुकारा केला, "बुधराम पटले!" आणि काय सांगू, एक इसम "हाजिर!" म्हणत पुढं झाला. तो गिरणीतला हमाल होता, मी त्याला ओळखत होतो. मी तोंड उघडणार, तोच बाहेर गलका झाला. गल्लीतल्या कुणीतरी टवाळानं धावत जाऊन बाईंना वर्दी दिली होती, "तुमचे मालक मत द्याले आले!"

बाई आल्या त्या पिठाच्या हातानं. पायात काही नाही, पदर खांद्यावरून घसरलेला. दारातून सरळ आत शिरून त्यांनी मागूनच त्या हमालाचा खांदा धरला आणि त्याला गर्रकन फिरवलं. क्षणभर त्याच्या तोंडाकडं पाहत राहिल्या. मग असा आवाज लावला की शाळेच्या कौलांवरची कबुतरं उडाली. "तू माहा मालक काय रे? मंग घरी चाल! इतक्या वर्साचं सरपण फोडाचं राह्यलं हाय!" आणि त्याच्या सदऱ्याला धरून त्याला ओढत चालू लागल्या. हमाल हात जोडून गयावया करतोय, "बाई, मी थो नोहो! शेटजीनं पाठवलं!" आणि बाई म्हणताहेत, "आता कायले लाजतं? चाल, गाय बी दुहाची हाय!" गल्लीच्या तोंडापर्यंत नेला त्याला. सारा गोंदिया हसला. मीही पोट धरून हसलो. शेटजी मात्र निवडून आले.

पुढच्या निवडणुकीपर्यंत कचेरीतल्या कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला. जो माणूस इतकी वर्षं दिसला नाही तो मेलाच असणार. बुधरामांचं नाव कमी झालं आणि त्या जागी बाईंचं चढलं. बाईंना मत मिळालं! बातमी ऐकून त्या खूश. सकाळीच नवं लुगडं नेसून, मोठ्ठं कुंकू लावून शाळेत हजर झाल्या. वकीलसाहेब स्वतः दारापर्यंत सामोरे आले. "राम राम, सगुनाबाई!"

"तुमालेबी तेच!"

मतदान घेणारे साहेब या खेपेला जबलपूरकडचे होते. त्यांनी यादीत पाहून पुकारलं, "सगुनाबाई, बेवा बुधराम पटले."

बेवा म्हणजे विधवा. बाई जागच्या जागी थबकल्या. "कोन बेवा?"

"आप," साहेब म्हणाले.

बाईंनी दोन्ही हात त्यांच्या टेबलावर आपटले. बांगड्या खळखळल्या. "ह्या काय तुह्या कचेरीनं भरल्या? माहा मालक जिता हाय. बेवा खोडा थे."

वकीलसाहेब घाईघाईनं पुढं आले. "अहो सगुनाबाई, लिहिलंय ते लिहू द्या. आत गेल्यावर मत सारखंच. तुमच्या एका मतावर राखेचा निकाल लागू शकतो."

"मत सारखं असंल, वकीलसायेब. मी सारखी नाई. बेवा म्हनून मले पेटीच काय, सोन्याचा हंडा देल्ला तरी नोको."

मागे रांग खोळंबली. कुणी म्हणालं, चला बाई, कशाला तमाशा? बाईंनी टेबलापुढंच जमिनीवर मांडी ठोकली. "अठी मी बसली आहो!"

साहेब माणूस बरा होता. त्यानं बराच विचार करून तोडगा काढला. बाईंनी सगळ्यांसमक्ष नवऱ्याचं पूर्ण नाव सांगावं आणि तो जिवंत आहे असं स्वतःच्या तोंडानं म्हणावं, तर तो तसा शेरा मारून 'बेवा' खोडील.

मी पटकन म्हणालो, "साहेब, नाव मी सांगतो." बाई माझ्यावर कडाडल्या, "गुर्जी, गप बसा! माह्या मालकाचं नाव तुमी कायले घेता?" साहेबही मान हलवून म्हणाले, दुसऱ्याचं चालणार नाही.

आता आली का पंचाईत! विधवा म्हणवून घेतलं तर काही न बोलता मत. सवाष्ण म्हणवून घ्यायचं तर सवाष्ण जे कधी करत नाही तेच करायचं, तेही भरल्या शाळेत.

बाईंनी आधी आडवळणानं करून पाहिलं. "मंगळवारच्या मांगून येते थो. अन् त्याच्या मांगं देव."

साहेब माझ्याकडं वळले. "मास्टरजी, मंगळवार को कौन आता है?" रांगेत हशा पिकला. मला मात्र हसू येईना. बाईंचे ओठ थरथरत होते, आणि ते रागानं नव्हे हे जवळ बसल्यामुळं मला दिसत होतं.

मग त्या उठल्या. डोक्यावरून पदर घेतला. साहेबांकडे पाठ केली, दाराकडे तोंड केलं. दारापलीकडं शाळेचं फाटक, फाटकापलीकडं स्टेशनचा रस्ता. आणि बांधावरून शेतातल्या माणसाला हाक मारावी तशी हाक मारली.

"बुधराम! बुधराम पटले!"

हशा थांबला. रांगेतल्या एकदोघांनी खरोखरच वळून रस्त्याकडं पाहिलं. बाईही पाहत होत्या. जरा वेळानं त्या साहेबांकडं वळल्या. "जिता हाय. लिव्हा."

साहेबांनी 'बेवा' खोडलं. बाई पडद्याआड जाऊन पेटीत मत टाकून आल्या. मला त्यांचा फार अभिमान वाटला आणि फार वाईटही वाटलं. शेटजी पडले, वकीलसाहेब निवडून आले, आणि राख पूर्वीसारखीच पडत राहिली. पण ते नंतरचं.

संध्याकाळी मी घरी आलो तर बाई ओट्यावर बसल्या होत्या. मी त्यांचं मन रमवावं म्हणून म्हणालो, "सगुनाबाई, आज गंमत झाली, पण मागच्या वेळच्या हमालाची सर नाही. काय फरफटवलंत बिचाऱ्याला!"

त्या हसल्या नाहीत. बांगडी फिरवत राहिल्या.

"थो पाठमोरा उभा व्हता, गुर्जी. पाठ तशीच व्हती." मग थोडं थांबून म्हणाल्या, "मी धावत आली तवा शाळेच्या फाटकापासून थ्या दारापावेतो थोच व्हता."

 गल्लीतून कुणीतरी घरी चाललं होतं. त्यानं सवयीनं हात वर केला, "राम राम, सगुनाबाई!"

बाईंनी पदर सावरला, मांडी नीट घातली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "तुमालेबी तेच!"