फणसाकडं तोंड करा

आमच्या गावात पत्र्याची कड वाकवून घ्यायची असली तर आधी फणसाच्या झाडाकडं तोंड करून उभं राहावं लागायचं. हसू नका. मीही उभा राहिलोय, ब्रँच पोस्टमास्तर असून. त्या फणसाच्या बुंध्याला गाठी किती, हे गावातल्या कुणालाही विचारा, तोंडपाठ सांगेल. आपण गाठी मोजत उभे, आणि पाठीमागे भरमाण्णा मशीनची साखळी सोडायचा, वरची घोंगडी काढायचा, दांडा ओढायचा. खट्! एकच आवाज. मग पुन्हा घोंगडी, पुन्हा साखळी. "वळा आता." वळून बघावं तर पत्र्याची कड एका सुतात वाकलेली, आणि भरमाण्णा डोळे बारीक करून आपल्याकडं बघतोय. चोरून बघितलंत की नाही, याचा अंदाज घेतोय.

ही गोष्ट गोव्यात अजून पोर्तुगीज होते तेव्हाची. आमचं गाव कुंभारवाड्याच्या पुढं, उळवीच्या वाटेवर. आजूबाजूला जंगल, मधे भाताची खाचरं, आणि एक बस, तीही तिच्या मर्जीनं येणारी. माझं किराणा दुकान होतं, आणि त्याच दुकानातल्या एका फळीवर सरकारचं पोस्ट. मंगळवारी आणि शुक्रवारी टपालाची पिशवी यायची.

भरमाण्णा मूळचा इथलाच. तीस वर्षं बेळगावात एका छापखान्यात काढली आणि म्हातारपणी परत आला. बैलगाडीत एक ट्रंक, एक वळकटी, आणि चौघांनी मिळून उतरवावं लागलेलं ते लोखंडी धूड. छापायचा मजकूर पत्र्याच्या प्लेटवर असतो म्हणे. ती प्लेट गोल रुळावर बसवायची, आणि तिच्या दोन्ही कडा वाकवल्याशिवाय ती रुळाच्या खाचेत अडकत नाही. त्या कडा वाकवायचं हे हातमशीन. छापखाना बंद झाला तेव्हा मालकानं विचारलं, आठवण म्हणून काय नेतोस? लोक घड्याळ मागतील, खुर्ची मागतील. यानं हे मागितलं.

आता छापखान्याशिवाय ते मशीन म्हणजे भांड्याशिवाय झाकण. गावाला ते पटेना. नुसत्या कडा वाकवायला कोण शहाणा माणूस एवढं लोखंड घाट चढवून आणील? आत काहीतरी काळंबेरं असणार. कुणी म्हणालं नोटा छापतो, कुणी म्हणालं गोव्याच्या हद्दीवरनं काहीतरी येतं-जातं. खोटं कशाला बोलू, मीही त्यात दोन-चार शेंगा सोलल्या होत्या.

शेवटी पाटील एका फॉरेस्ट गार्डाला घेऊन झडतीला गेले. मी साक्षीदार.

"काय निघतंय रे ह्यातनं?" पाटलांनी दरडावलं.

"काय न्हाई निघत. आत घालतोय तेच भाईर येतंय, वाकून."

"एवढंच?"

"एवढंच. पर तुम्हाला कुनी धाडलंय?"

"मला कोण धाडणार? मी पाटील हाय!"

"मग फनसाकडं तोंड करा."

आणि पाटलांनी केलं की हो! आवाजातच अशी जरब होती. गार्डानं केलं, मी केलं. झडती घ्यायला आलेली तीन माणसं पाठ करून उभी, आणि मागे खट्! वळलो तर पाटलांच्या हातात एक वाकवलेली पत्र्याची पट्टी. ती घेऊन पाटील मुकाट घरी गेले. गावाचा संशय मात्र त्या दिवसापासून दुप्पट झाला.

गाव भरमाण्णावर संशय घेई आणि भरमाण्णा माझ्यावर. दर मंगळवारी आणि शुक्रवारी पिशवी यायच्या आधी हा दारात हजर. पिशवीचं सील बघायचा. मी पत्रं काढली की म्हणायचा, "पिशवी उलटी करा." मी उलटी करायचो. "झाडा." मी झाडायचो. सरकारी पिशवी, तिच्यातनं धुळीशिवाय काय पडणार?

"तुमचं काही आलं नाही, भरमाण्णा."

"आलं न्हाई का दिलं न्हाई?"

हे त्याचं ठरलेलं वाक्य. पहिले सहा महिने मी हसून सोडून दिलं. पुढं पुढं ते ऐकलं की तळपायाची आग मस्तकात जायची. अरे, लिहिता-वाचता येत नाही तुला, आणि पत्रं मी दाबतो?

एका शुक्रवारी तर त्यानं माझं घरच पेटवलं. झालं होतं असं, की माझ्या सासूबाईंचं माझ्या बायकोच्या, शांताच्या नावानं पत्र आलं होतं. आमच्या सासूबाई माझ्याविषयी काय लिहितात, ही उत्सुकता कुठल्या जावयाला नसते? मी वाफेवर धरून उघडलं, वाचलं (जे वाचलं ते सांगण्यासारखं नाही), आणि भाताच्या पेजेनं छान चिकटवून ठेवलं. शांता पत्र न्यायला बाहेर आली, तेव्हा भरमाण्णा फळीला टेकून उभा. त्यानं पाकिटाच्या कडेवरनं नुसता अंगठा फिरवला.

"अक्का, एकदा घातलेली घडी एकच रेघ सोडती. हितं दोन हायत. ह्ये कुनीतरी उघडून परत मिटलंय."

शांतानं पाकिटाकडं बघितलं, मग माझ्याकडं. पुढचे चार दिवस आमच्या घरात आमटीला फोडणी नव्हती.

पुढच्या मंगळवारी मी दात-ओठ खातच बसलो होतो. तो आला. पिशवी उलटी झाली, झाडून झाली. "आलं न्हाई का दिलं..." त्याचं पुरं होऊ न देता मी फाडकन बोललो, "अहो, तुम्हाला पत्र लिहिणारं आहे तरी कोण या जगात?"

 तो गुळाच्या ढेपेवरच्या माश्या बघत बसला. मग म्हणाला, "हाय की. पोरगा हाय."

गावात कुणालाच हे ठाऊक नव्हतं. बायको मागेच गेलेली. सदाशिव हा एकुलता एक मुलगा, त्यालाही यानं छापखान्यात याच मशीनवर लावलं होतं. सगळं शिकला, पण एक खोड जाईना. दांडा एका दमात ओढायचा असतो. हा अर्धा ओढायचा, थांबायचा, पुन्हा ओढायचा. त्यामुळं वाकलेल्या कडेवर एका रेघेच्या जागी दोन रेघा, जवळजवळ. तिथं पत्रा कमजोर होतो. एक दिवस छपाईच्या चालत्या मशीनवर सदाची प्लेट त्या रेघेवर फाटली, दिवसभराचं काम वाया गेलं.

"सगळ्यांच्या म्होरं कानाखाली वाजवली त्येच्या," भरमाण्णा म्हणाला. "चांगला मिसरूड फुटलेला पोरगा. म्हटलं, हात हायत का लाकडं? पुन्ना माझ्या मशीनला शिवू नगोस. तर न्हाई शिवला बगा. मला बी न्हाई शिवला. त्याच पायानं गेला. नऊ वर्सं झाली."

"आणि पत्ता?"

"त्येचा मला ठावं न्हाई. ह्या गावाचा त्येला ठावं हाय. म्हनून तर हितं आलो मरायला. त्यानं पत्र घातलं असनारच, मास्तर. मग ते जातंय कुठं?"

आणि पुन्हा त्याच संशयी डोळ्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या वेळी मात्र मला राग आला नाही. पोरानं पत्र घातलंच नाही असं मानण्यापेक्षा पोस्टमास्तर चोर आहे असं मानणं त्याला सोपं जात होतं. मान बापा, म्हटलं. त्या दिवसापासून मी पिशवी त्यानं न सांगताच झाडायला लागलो.

माघात उळवीची जत्रा भरली. बेळगाव-धारवाडाकडच्या बैलगाड्यांची रांग आमच्या दारावरनं चालली. शांता आणि मीही गेलो. दर्शन झालं, आणि पत्र्याच्या सामानाच्या एका पालात मला तिकिटं ठेवायला एक छोटी पेटी आवडली. छापखान्यातल्या जुन्या प्लेटांची केलेली, आतल्या बाजूनं पुसट अक्षरं दिसत होती. घेतली आणि फळीवर आणून ठेवली.

शुक्रवारी भरमाण्णा आला. "आलं न्हाई का..." एवढं म्हणाला आणि थांबला. पेटीकडं बघत होता. उचलली. झाकणाच्या कडेवरनं अंगठा फिरवला. मग दुसरी कड, तिसरी, चौथी. सगळ्या कडांवर, बोटाला जेमतेम लागतील अशा, दोन दोन रेघा.

"आलं, मास्तर," तो म्हणाला.

आता संशय घ्यायची पाळी माझी. "अहो, दांडा दोनदा ओढणारे पन्नास जण असतील या मुलखात!"

"पत्रं तुम्हाला वाचता येत्यात. ह्ये मला येतंय." त्यानं घोंगडी खांद्यावर टाकली आणि तसाच उळवीची वाट धरली. मशीनची साखळी बघायला घरीही गेला नाही.

तिसऱ्या दिवशी परत आला. जत्रा मोडली होती, पालं उठली होती. पत्र्यावाला हल्याळकडचा होता की दांडेलीकडचा, याचा धड पत्ता कुणी दिला नाही. मला वाटलं, आता हा अंथरूण धरणार. कसलं काय! दुसऱ्या दिवशी त्याच्या ओसरीवरनं आवाज यायला लागला. खट्. आणि क्षणभरानं पुन्हा, खट्.

मी धावत गेलो. घोंगडी कुठंतरी पडलेली, साखळी मोकळी. मला फणसाकडं तोंडही करायला लावलं नाही. भरमाण्णा वीतभर पत्र्याच्या पट्ट्या कापून त्यांच्या कडा वाकवत होता. अर्धा दांडा ओढायचा, थांबायचा, पुन्हा ओढायचा. तीस वर्षांत एकदाही ज्यानं दुसरी रेघ उठू दिली नाही, तो माणूस जीव लावून दोन दोन रेघा काढत होता.

"मास्तर, तुमच्या दुकानातनं जो कोन हल्याळला, दांडेलीला, बेळगावला जाईल, त्येच्याकडं ह्ये एक द्यायचं. पत्र्याचं दुकान दिसलं की तिथं ठेवायचं. बोलायचं काय न्हाई."

"अहो, काही नाही काय? सरळ मुलाचं नाव सांगा की! सदाशिव आहे का म्हणून विचारतील."

"व्हय तर! नाव सांगितलं की कोन बी उठंल आनि मीच सदा म्हनंल." संशय असा हाडात मुरलेला. "आपल्या गावाचं नाव तेवढं सांगा. ज्येला कळायचं त्येला कळंल."

झालं. आमच्या तालुक्यातली माणसं त्या वर्षी पिशवीत पत्र्याची पट्टी घेऊन फिरायला लागली. पाटलांनी कोर्टाच्या कामाला जाताना एक नेली. शांतानं माहेरी जाताना चार नेल्या. लोकांना वेड लागलंय असं दुकानदारांना वाटलं असणार. पट्टी ठेवायची, गावाचं नाव सांगायचं आणि गप्प निघून यायचं! मीही साखरेच्या पुड्याबरोबर एकेक पट्टी द्यायचो. गिऱ्हाईक विचारायचं, ही कशाला? मी म्हणायचो, बोलायचं काय न्हाई.

पाऊस येऊन गेला. भातं कापून झाली. आणि एका मंगळवारी पिशवीतनं कापडात शिवलेलं, लांबट, चपटं पार्सल निघालं. भरमाण्णाच्या नावाचं. खाली पाठवणाऱ्याचा पत्ता: सदाशिव भरमा, पत्र्याच्या पेट्यांचं दुकान, हल्याळ.

 त्या दिवशी नेमका भरमाण्णा तापानं घरी पडून होता. आत काय असेल हो? पत्र असेल? शिव्या असतील? बोटं शिवणीकडं वळत होती, कबूल करतो. शांता मागे येऊन उभी होती. "उघडलंत तर बघा हं," ती म्हणाली. मी दुकान तिच्यावर टाकलं आणि पळत सुटलो.

भरमाण्णा ओसरीवर घोंगडी पांघरून बसला होता. मी पार्सल त्याच्या मांडीवर ठेवलं, पत्ता वाचून दाखवला. त्यानं पहिलं काय केलं असेल? शिवण तपासली! टाका न् टाका अंगठ्यानं चाचपला.

"फोडला न्हाईसा न्हवं?"

"नाही हो!"

"शप्पत?"

"शांताची शपथ."

मग त्यानं दातानं दोरा तोडला. आत चिठ्ठी नव्हती. दोन पट्ट्या होत्या. एक त्याचीच, दोन रेघांची, कुठंकुठं फिरून गंजलेली. दुसरी नवी, कोरी, चकचकीत. भरमाण्णानं तिच्या कडेवरनं अंगठा फिरवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग उलटा. मग पट्टी माझ्यापुढं धरली. मी त्या कामात अडाणी, पण मलाही कळलं. कडेवर एकच रेघ होती, एका दमात ओढलेली, सरळ सुतात.

"शिकला की वो," भरमाण्णा म्हणाला.   मग त्यानं एकदम माझ्याकडं बघितलं, आणि पुन्हा त्याच जुन्या जरबेनं म्हणाला, "फनसाकडं तोंड करा, मास्तर."

मी केलं. मागे साखळी वाजली नाही, दांडा वाजला नाही. मी गाठी मोजायला लागलो. इतकी वर्षं पाठ असलेल्या गाठी, पण त्या दिवशी एकही धड दिसेना. पुष्कळ वेळानं मी विचारलं, "वळू काय, भरमाण्णा?"

"थांबा," मागनं आवाज आला. "थोडं थांबा."