सात पुड्या आणि एक वाटी

भागाबाईंनी आयुष्यात एकही सौदा तोट्यात केला नव्हता, आणि मेहरूणच्या त्यांच्या गल्लीत येणाऱ्या केसवालीलाही ते ठाऊक होतं. विंचरताना गळालेलं गुंतवळ साठवायचं आणि ती आली की त्यावर भांडं घ्यायचं, हा त्यांचा तीस वर्षांचा शिरस्ता. त्या शनिवारी दुपारी वर्षभराच्या गुंतवळावर केसवाली स्टीलची छोटी वाटी देत होती. भागाबाईंची नजर शेजारच्या मोठ्या, खोलगट वाटीवर होती.

"मग अजून केस आणा, आजी. चिमूटभर कमी पडतंय."

चिमूटभर केस घरात होते. फळीवर, सहा कागदी पुड्यांत, वर वार लिहिलेले. ते सुनेचे, कलाबाईचे. टायफॉइडमधून उठल्यावर दोन महिन्यांनी तिचे केस झुपक्यानं जायला लागले. भांग बोटभर रुंद झाला, तशी ती लग्नकार्याला जायची बंद झाली. धुळ्याच्या एका दवाखान्यात कातडीचे डॉक्टर केस का नि कसे गळतात याचं संशोधन करत होते. त्यांनी सांगितलं होतं, सात दिवस रोजचे केस वेगळे ठेवून आणा, त्यावरून औषध ठरवू.

हे भागाबाईंना माहीत होतं. पण केस ते केस. पुड्या पुन्हा भरता येतील, वाटी पुन्हा येणार नाही.

कलाबाई शिवणक्लासहून येईपर्यंत मोठी वाटी घरात आली होती आणि रिकाम्या पुड्या पुन्हा भरल्यासुद्धा. सोमवार-मंगळवार शेजारच्या झुंबरबाईंनी दिले, बुधवार द्रौपदाबाईंनी. उरलेले तीन वार भागाबाईंनी स्वतःच्या डोक्यात फणी घालून काढले. फणी फार फिरवावी लागली नाही.

रविवारी कलाबाईनं सातवी पुडी बांधली आणि दुसऱ्या दिवशी एस.टी.नं धुळं गाठलं. भागाबाई न बोलावता सोबत गेल्या. सौदा शेवटपर्यंत बघावा लागतो.

डॉक्टर तरुण होते, तरी त्यांच्या स्वतःच्या टाळूवर संशोधनाला भरपूर जागा होती. सोमवारची पुडी उघडून त्यांनी मेंदी लावता का विचारलं. कलाबाई नाही म्हणाली. बुधवारचे केस कुरळे निघाले. गुरुवारचे पिकलेले. डॉक्टरांनी भिंग काढलं, शेजारच्या खोलीतून आणखी दोन डॉक्टर आले. बुधवारी काय खाता, पाणी कुठलं पिता, सगळं लिहून झालं.

"वारागणिक बदलणारे केस अजून कुणाच्या पाहण्यात नाहीत," एकजण हळूच म्हणाला.

मग ठरलं. महिनाभर दवाखान्यात राहायचं, आणि फोटोसाठी डोक्याचा एक भाग भादरायचा. कलाबाईनं पदर दोन्ही हातांनी घट्ट ओढला आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

भागाबाईंनी सौदा मोडला.

"डाक्टर, भादरू नका. तिना केसवर मी वाटी लिधी. पुड्यास्मा बठ्ठा गल्लीना केस शेतस."

पुड्यांत सगळ्या गल्लीचे केस आहेत हे कळताच नंतर आलेल्या दोघा डॉक्टरांना एकदम कामं आठवली. पहिल्या डॉक्टरांनी लिहिलेलं पान खोडलं आणि खरी ती एकच, रविवारची पुडी उघडली. केस थोडेच होते. कलाबाईच्या भांगाशी भिंग धरलं, तर कडेनं बारीक लव उगवलेली.

"मोठ्या तापानंतर असं होतं. गेलेले परत येतात. तुमचे यायलाही लागलेत."

पुड्या गोळा करता करता ते थांबले. गुरुवार, शुक्रवार, शनिवार.

"हे तीन दिवसांचे कुणाचे?"

"तीन दिवसना नही, एकच दुपारना," भागाबाई म्हणाल्या आणि स्वतःच्या डोक्याकडे बोट केलं. "मना शेतस."

डॉक्टरांनी त्यांची खालची पापणी ओढून पाहिली. आत कागदासारखं पांढरं.

"आजी, जेवता कधी तुम्ही?"

उत्तर कलाबाईनं दिलं. "सगळ्यांचं झाल्यावर. उरलं तर."

रक्ताची तपासणी झाली, रक्त कमी निघालं, गोळ्या मिळाल्या आणि रोज मोड आलेल्या हरभऱ्याची वाटीभर उसळ सांगितली. वाटी मोठी घ्या, असंही डॉक्टर म्हणाले.

परतीच्या एस.टी.त पारोळं आलं तशी कलाबाई खिडकीकडून सासूकडे वळली. मग म्हणाली, "आई, ती वाटी कुठं ठेवलीये?"

हरभऱ्याला मोड आल्यावर ती खोलगट वाटी उसळीनं शिगोशीग भरून भागाबाईंच्या पुढ्यात आली, सगळ्यांच्या आधी. कलाबाई समोर मांडी घालून बसली. भागाबाईंनी वाटी उचलून तिचं वजन पाहिलं.

"केसवाली छोटीच देत होती," त्या म्हणाल्या, आणि पहिला घास घेतला.